एका घाण्याने काय कळते?

भजी तळणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला घाणा क्वचितच मनासारखा उतरतो. तेल पुरेसे तापलेले नसते, पीठ जरा सैल झालेले असते किंवा मिठाचा अंदाज चुकलेला असतो. मग एक भजे चाखून पाहायचे, पिठात थोडे बेसन घालायचे, आच वाढवायची आणि दुसरा घाणा सोडायचा. तो चांगला उतरतो. पण तो बेसनामुळे चांगला उतरला की आचेमुळे, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. ज्याला भजी खायची आहेत त्याला त्याची गरजही नसते. ज्याला कारण शोधायचे आहे, त्याची मात्र इथेच पंचाईत होते.

ही पंचाईत काय असते आणि तीतून वाट कशी काढायची, हे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही मुलांबरोबर करून पाहिले. निमित्त झाले ते शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेचे. आमचे घर वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे आहे. एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सर, किण्वन शिकवायचे म्हणजे मी फळ्यावर समीकरण लिहिते आणि पुढे जाते. पुस्तकात उदाहरण बीअरचे असते. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. तो शब्द उच्चारला की वर्ग हसतो. दोन-तीन मुले मात्र हसत नाहीत, खाली बघतात. त्यांच्या घरी काय चालते ते मला ठाऊक आहे. अशा वर्गात हा धडा प्रयोगाने कसा शिकवायचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. परवान्याशिवाय दारू गाळणे किंवा बीअर करणे हा महाराष्ट्रात कोठेही गुन्हा आहे. वर्ध्यात तर दारूबंदीच आहे. तेव्हा तो मार्ग बंद, आणि तो बंद आहे हे चांगलेच आहे. पण किण्वन म्हणजे दारू नव्हे. दारू हा किण्वनाचा एक परिणाम आहे. इडली-डोशाचे पीठ, दही, महालक्ष्मीच्या नैवेद्याची आंबील, पाव हे सगळे त्याच कुळातले.

यीस्ट काय करते?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिला साखर मिळाली आणि ऑक्सिजन पुरेसा नसला की ती साखरेचे तुकडे करून आपल्यापुरती ऊर्जा काढून घेते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे, म्हणजे अल्कोहोलचे, दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. वजनाने पाहिले तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे एक ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबले तर साधारण अर्धा ग्रॅम वायू निघतो, आणि ३० अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान पाव लिटरहून थोडे अधिक भरते. चिमूटभर साखरेतून पेलाभर वायू! वरच्या वर्गातील मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

बीअर करणारा अल्कोहोलसाठी यीस्ट पाळतो आणि वायूचा थोडाच भाग फेसापुरता ठेवतो. पाववाला वायूसाठी यीस्ट पाळतो. कणकेत तयार झालेले किंचित अल्कोहोल भट्टीच्या उष्णतेत बहुतेक उडून जाते. क्रिया एकच, गरज वेगळी. म्हणून आम्ही ठरवले की बीअरचे घाणे करणारे लोक जे शिकतात ते सगळे आपण मैद्याच्या गिलासात शिकायचे. वायू किती झाला ते पीठ किती वर चढले यावरून कळेल. पिण्यासारखे काही तयार होणार नाही.

पहिला घाणा: सगळेच बदलले

आठवी ते दहावीची सात मुले आली. सामान साधे होते: सरळ उभ्या बाजूंचे काचेचे गिलास, मैदा, कणीक, साखर, गूळ, किराणा दुकानात मिळणारे कोरडे यीस्ट, पट्टी आणि रबर बँड. पीठ ओतल्यावर त्याच्या पातळीला रबर बँड लावायचा आणि दर पंधरा मिनिटांनी पीठ बँडच्या किती वर गेले ते मोजायचे.

पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम काहीच सांगितले नाही. मुलांनी तीन गिलास केले. एकात कणीक, गूळ आणि कोमट पाणी. तो ओट्यावर शेगडीशेजारी राहिला. दुसऱ्यात मैदा, साखर आणि माठाचे पाणी. तो खिडकीत ठेवला. तिसऱ्यात नुसता मैदा आणि पाणी. तो फ्रिजमध्ये गेला. तासाभराने गुळाचा गिलास सर्वांत वर होता.

"गुळाने यीस्टला ताकद येते जी," एकाने निकाल दिला. दुसरा म्हणाला, कणकेमुळे. एक मुलगी म्हणाली, "नाही, तो गॅसजवळ होता म्हणून." आम्ही तिघांची उत्तरे वहीत लिहून घेतली आणि विचारले, यातले खोटे कोणते ते या तीन गिलासांवरून दाखवा. कोणालाच दाखवता आले नाही. तीनही उत्तरे बरोबर असू शकत होती, म्हणून एकही हाती आले नाही. भज्यांचा दुसरा घाणा होता तसाच हा प्रयोग: पीठ फुगले, पण कारण कळले नाही.

दुसरा घाणा: एकच फरक

दुसऱ्या दिवशी नियम केला की गिलासागिलासांत एकच गोष्ट वेगळी असेल, बाकी सगळे सारखे. ५० ग्रॅम मैदा, ४० मिलिलिटर पाणी, पाव चमचा यीस्ट, अर्धा चमचा साखर. बदलायचे फक्त तापमान. यीस्ट आधी पाच मिनिटे पाण्यात ठेवायचे, मग मैदा कालवायचा. पहिल्या गिलासासाठी फ्रिजचे पाणी, दुसऱ्यासाठी माठाचे, तिसऱ्यासाठी हाताला कोमट लागणारे आणि चौथ्यासाठी ७० अंशांचे. पहिला गिलास फ्रिजमध्येच ठेवला, बाकीचे टेबलावर.

कोमट पाण्याचा गिलास सर्वांत आधी चढू लागला. माठाच्या पाण्याचा मागे होता, पण थोड्या वेळाने त्याच्या बरोबरीला आला. असे का, म्हणून मुलांनी खोलीचे तापमान मोजले. मे महिन्यातले वर्धा! टेबलावर ठेवलेली कोणतीही वस्तू आपोआप कोमट होणारच. म्हणजे आपण एकच फरक ठेवला असे समजत होतो, आणि उन्हाळ्याने तोही हळूहळू पुसून टाकला. अशा गोष्टी पुस्तकात वाचून लक्षात राहत नाहीत, घाण्यातून राहतात.

फ्रिजमधला आणि ७० अंशांचा, हे दोन्ही गिलास फुगले नव्हते. दोन्हींचे कारण एकच आहे का? मुलांनी दोन्ही टेबलावर ठेवून दिले. दुपारपर्यंत फ्रिजमधला वर आला, दुसरा तसाच राहिला. थंडीने यीस्ट मंदावले होते, उष्णतेने मेले होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन निकालांमागे दोन वेगळी कारणे असू शकतात, आणि ती वेगळी काढायला आणखी एक पायरी लागते.

एकाच फरकाचे एक जुने उदाहरण वर्ध्याच्या इतिहासातच आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यात होते आणि ताडगूळ हा त्याच्या कामातला एक विषय होता. ताडी काढणाऱ्याचे कसब वाया जाऊ नये, त्याने झाडाच्या गोड रसापासून, म्हणजे नीरेपासून, गूळ करावा असा गांधीजींचा आग्रह होता. अडचण अशी की नीरा फार लवकर आंबते. झाडाला रात्री बांधलेले मडके सकाळी उतरवले आणि ऊन चढेपर्यंत तसेच राहू दिले की रसाची ताडी होऊ लागते. हवेतले, सालीवरचे आणि मडक्यातले यीस्ट व जिवाणू ते काम करतात. उपाय साधा: मडक्याला आतून चुना लावायचा. चुन्याने रसाची आम्लता जाते, सामू वर चढतो आणि सूक्ष्मजीवांना तेथे वाढणे अवघड होते. झाड तेच, रस तोच, रात्र तीच. एका मडक्यात चुना आहे, दुसऱ्यात नाही. एकातून गूळ होतो, दुसऱ्यातून ताडी.

तिसरा घाणा: आधी अंदाज लिहा

तिसऱ्या दिवशीचा प्रश्न होता साखरेचा. तीन गिलास केले: साखर नाही, एक चमचा, पाच चमचे. बाकी सर्व सारखे. पण या वेळी पीठ कालवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहून घडी घातली. सातही कागदांवर एकच उत्तर होते: जितकी साखर जास्त, तितके पीठ जास्त फुगेल.

पाच चमच्यांचा गिलास सर्वांत मागे राहिला. आधी कोणी विश्वासच ठेवेना. मग आम्ही विचारले, मुरंबा महिनोन्‌महिने का टिकतो? एका मुलीने उत्तर दिले, "पाकामुळे." मग धागा लागला. फार दाट साखरेच्या द्रावणात पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. यीस्टसमोर अन्नाचे ताट वाढलेले असते, पण पाण्यावाचून ते खाता येत नाही.

अंदाज आधी लिहिला नसता तर निदान चार जण "मला वाटलेच होते" म्हणाले असते. म्हणून अंदाजाचा कागद हे प्रयोगाचे साहित्यच समजावे. चुकलेला अंदाज हा त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा निकाल होता.

चौथा घाणा: काहीच बदलले नाही

चौथ्या दिवशी आम्ही मुलांना एक विचित्र काम दिले. सहा गिलास अगदी सारखे करायचे, एकही फरक ठेवायचा नाही. "मग त्यात बघायचे काय?" असा प्रश्न आलाच. तासाभराने मोजले तर सहा गिलासांची उंची सहा तऱ्हेची. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांच्यात बोटभर अंतर. कोठे पाव चमचा यीस्ट शिगेचे होते, कोठे सपाट. कोणी जास्त घोटले, कोणी कमी. कोणता गिलास खिडकीकडे होता.

यावर दहावीतल्या एका मुलाने जे विचारले ते या सगळ्या खटाटोपाचे सार आहे: "सर, सारखे गिलासही सारखे फुगत नाहीत, तर मग परवा आपण जो फरक पाहिला तो खरा कशावरून?"

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बीअरच्या कारखान्यांना पडला होता. बीअरसाठी सातूला मोड आणतात. मोड येताना धान्यात स्टार्चची साखर करणारी विकरे तयार होतात. ते धान्य वाळवून, भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात भिजवतात, गोड पाणी गाळून घेतात, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळतात, थंड करतात आणि मग यीस्ट घालतात. इतक्या पायऱ्यांत एक घाणा दुसऱ्यासारखा उतरणे कठीण. आणि गिऱ्हाइकाला तर दर वेळी तीच चव हवी. या गरजेतून विज्ञानाला मोठी साधने मिळाली.

१८५६ मध्ये फ्रान्समधील लील येथे बिटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचे घाणे बिघडू लागले. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर चांगल्या पिंपात गोलसर यीस्टपेशी होत्या, बिघडलेल्यात लांबट सूक्ष्मजीव होते. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. आता दोन घाण्यांत 'तेच यीस्ट' आहे असे खात्रीने म्हणता येऊ लागले. १९०९ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील सोरेन्सनने सामूची मोजपट्टी दिली. 'तितकीच आम्लता' म्हणणे शक्य झाले.

पण यीस्ट तेच, आम्लता तीच, तरीही थोडा फरक उरतोच. त्याचे काय करायचे? या प्रश्नाला भिडला विल्यम गॉसेट. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकून तो १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस या बीअरच्या कारखान्यात लागला. सातूची कोणती जात चांगली, कोणते हॉप्स चांगले, हे त्याला चार-सहा नमुन्यांवरून ठरवावे लागे. हजार घाणे करून पाहणे कोणाला परवडणार? थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते याचे गणित त्याने मांडले आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. कारखाना आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्याने 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, हे नाव घेतले. आज औषधांपासून बियाण्यांपर्यंतच्या चाचण्यांत वापरली जाणारी 'स्टुडंटची टी-कसोटी' ती हीच.

पाचवा घाणा: तीनाला तीन

गॉसेटचे सूत्र शाळेत शिकवणे अवघड आहे, पण त्यामागचा विचार नाही. आम्ही तीन गिलास बिनसाखरेचे आणि तीन एक चमचा साखरेचे केले. टेबलावर कोणता गिलास कोठे ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणजे खिडकीचा फायदा एकाच गटाला मिळणार नाही. गिलासांच्या बुडाला आकडे चिकटवले आणि उंची अशा मुलाने मोजली, ज्याला कोणता गिलास कशाचा हे माहीत नव्हते.

आता समजा साखरेचा काहीच परिणाम नाही. तर सहा गिलास उंचीप्रमाणे ओळीत लावले असता साखरेचे तीन गिलास कोणत्याही तीन जागांवर येऊ शकतील. सहा जागांतून तीन जागा निवडण्याच्या रीती २० आहेत. मुलांनी त्या एकेक करून लिहून काढल्या. या वीसांपैकी फक्त एकीत साखरेचे तीनही गिलास वरच्या तीन जागांवर येतात. म्हणजे तसे दिसले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता २० त १. चाराला चार गिलास घेतले तर ती ७० त १ होते. आमच्या टेबलावर साखरेचे तीनही गिलास वर होते. एका मुलीने वहीत लिहिले, "साखरेमुळे फुगले असे आता म्हणता येईल, पण वीसात एकदा आपण फसू शकतो." इतके प्रामाणिक वाक्य आम्ही मोठ्यांच्या शोधनिबंधांतही नेहमी वाचत नाही.

शिक्षकांसाठी

हा प्रयोग तीन-चार तासिकांत बसतो. काही पथ्ये मात्र पाळावीत. साखरेचे पाणी आणि यीस्ट बंद बाटलीत कधीही ठेवू नये. वायूच्या दाबाने बाटली फुटते. पीठ त्याच दिवशी भाजून टाकावे किंवा टाकून द्यावे. कच्चे पीठ चाखू नये. मोडाच्या धान्याचा गुण दाखवायचा असेल तर गव्हाला मोड आणून, वाळवून, दळून घ्यावे. ज्वारीचे मोड वापरू नयेत. त्यांच्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. कणकेची घट्ट पेज दोन वाट्यांत घ्यावी, हाताला चांगली गरम लागेल इतकी निवू द्यावी आणि एकीत मोडाच्या पिठाचा चमचाभर घालून ढवळावे. काही मिनिटांत ती पेज पातळ होते. मोडाच्या नाचणीची पेज बाळाला सोसते ती याच गुणामुळे: तितक्याच पातळ पेजेत अधिक धान्य मावते.

आणि वर्गात कोणी दारूविषयी विचारले तर टाळू नये. यीस्ट जे रसायन तयार करते ते तिच्या दृष्टीने टाकाऊ आहे, आणि फार साचले तर ती स्वतःच त्यात मरते, हे सांगावे. खाली बघणाऱ्या मुलांनाही मान वर करून ऐकता येईल असे ते सांगणे असावे.

सुट्टी संपताना त्या दहावीतल्या मुलाने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांची कपाशी आहे. मागच्या हंगामात शेजारच्या शेतकऱ्याने एक महागडे औषध फवारले, त्याची कपाशी चांगली आली, म्हणून वडिलांनीही उधारीवर तेच आणले. "पण त्यांचे वावर नाल्याकडचे आहे, जमीन भारी, पेरणीही आठ दिवस आधीची," तो म्हणाला. "तो आपल्या पहिल्या दिवसाचा गूळवाला गिलास झाला न सर?"

या वर्षी त्याने वडिलांना आठ तासांपुरते औषध मागितले आहे. तास म्हणजे कपाशीची ओळ, हे शहरातील वाचकांसाठी. चार तासांवर फवारायचे, चारांवर नाही, आणि कोणते चार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. फवारा शेजारच्या तासावर उडेल म्हणून प्रत्येक दोन तासांमध्ये चार-पाच तास सोडायचे, हेही त्याचे त्यानेच सुचवले. कापूस वेचताना आठही तासांचे वजन वेगळे लिहायचे आहे. निकाल काय येईल ते आम्हाला माहीत नाही. त्याने आपला अंदाज मात्र कागदावर लिहून, घडी घालून, आमच्याकडे ठेवायला दिला आहे.